आधी पी, मग मार

यंदा होळीच्या आधीच ऊन चटके देऊ लागलं. टँकर यायच्या दिवशी आमच्या गावातल्या बायका पहाटेच हंडे रांगेत लावून सावलीला बसतात. हंडाच बाईची जागा धरतो. घरटी दोन हंडे पाणी, त्यावर थेंब नाही. आज शेवंताने आपले हंडे हळूच पुढे सरकवले आणि ते जनाने पाहिलं.

"लाज सोडलीस काय गं?"

"टँकर तुझ्या बापाचा हाय का?"

जनाने रिकामा हंडा शेवंताच्या डोक्यावर उगारला. मागच्या उन्हाळ्यात इथेच एकीचं डोकं फुटलं होतं. या दोघी तर एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या.

टँकर नुकताच आला होता आणि पहिला नंबर गंगूचा होता. तिने आपल्या भरलेल्या हंड्यात तांब्या बुडवला आणि जनापुढे धरला.

"आधी पी, मग मार."

जना गटागटा प्यायली. मग शेवंता प्यायली, मग मागच्या चौघीजणी. शेवंताने शिव्या देत का होईना, हंडे मागे नेले.

मी चौथी शिकलेली. हवामान का बिघडलं ते शिकलेल्यांनी सांगावं. मला एवढंच दिसतं, की ऊन वाढतं तसे हात लवकर उठतात. आम्ही अशा बायकांना भांडखोर म्हणून नावं ठेवतो. घसा कोरडा आहे हे ओळखलं एकट्या गंगूने. बाई हुशार खरी.

तिचा एक हंडा निम्मा झाला होता. घरी खाणारी सात माणसं.

"घरी काय सांगशील गं?" मी विचारलं.

"सांगेन, आज वरण नाही. चटणी-भाकरी खा."