चाचांचा टायमर

जळालेली ड्राइव्ह उघडायच्या आधी चाचा ती हुंगायचे. मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ती पेटी नाकाशी धरून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "कंडेन्सर गेला." झाकण काढावं, तर खरंच कंडेन्सरचं डोकं फुगून वर आलेलं असे. रिसोडच्या डाळमिलवाल्यांचा मीटरपेक्षा चाचांच्या नाकावर जास्त भरवसा होता. मी अशाच एका मिलमध्ये सुपरवायझर.

तोंडाचे मात्र फटकळ. तुमची दुरुस्ती टिकत नाही, असं कुणी म्हटलं की उसळायचे. "ड्राइव्ह मरत नाई, मारली जाते! तुमची लाइन पाहा. कधी दाब उतरते, कधी एकदम चढते. एक फेज लंगडी, मंग सारा भार बाकी दोघींवर. त्या कंडेन्सरनं किती सोसावं?" सासरचे नांदवत नसलेल्या लेकीची कैफियत मांडावी, तसे बोलायचे. आम्ही हसायचो.

गेलेली लाइट परत आली की सुरुवातीला तिचा नेम नसतो. येते, जाते, झटके देते, आणि त्या झटक्यांतच ड्राइव्ह जातात. म्हणून चाचांनी आमच्या पॅनलमध्ये टायमर बसवला. लाइट आल्यावर पाच मिनिटं ड्राइव्हला वीज मिळायचीच नाही. "पाच मिनिटं गुमान बसा ना. कायले मरून राह्यले?" हे त्यांनी मला बजावून सांगितलं होतं.

तुरीचा हंगाम आला. लाइट दिवसातून आठ-दहा वेळा जायची, आणि त्या पाच मिनिटांत आमचे मालक, सेठ, सारी मिल डोक्यावर घ्यायचे. एका दुपारी मी वैतागून टायमरच्या दोन टोकांना तार जोडली. आता लाइट आली की मोटर लगेच सुरू. चार दिवस मिल झकास चालली, सेठनी माझी पाठही थोपटली. पाचव्या दिवशी लाइट तीनदा गेली-आली आणि ड्राइव्हमधून धूर निघाला.

चाचा आले. पॅनल उघडलं. तारेपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मागच्या महिन्यातच कंडेन्सर बदलले ना तुमी?" सेठ हमालांसमोर ओरडले. "डुप्लिकेट माल लावून राह्यले काय आमाले?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. नोकरी जाईल या भीतीनं मी तुरीच्या पोत्यांकडे बघत राहिलो. आणि कुणाचं ऐकून न घेणारे चाचा त्या दिवशी गप्प राहिले. पाने-पक्कड पिशवीत भरली आणि निघून गेले.

डुप्लिकेट मालाची बातमी केनवडपर्यंत पोचली. एकेका मिलनं त्यांना बोलावणं सोडलं. त्यांचं दुरुस्तीचं दुकान बंद झालं, आणि चाचा शेलूबाजारला भाच्याच्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटरींत तांब्याची तार भरत बसले. मला तिथं जायला दोन वर्षं लागली.

"चाचा, ते तार म्या टाकली होती."

"मालूम हाय," मोटरीतून मान वर न करता ते म्हणाले. "तवाच दिसली. तू बोलशीन म्हणून थांबलो होतो मी."

"सेठले सांगतो मी."

"सांग."

चाचा मागच्या वर्षी गेले. ड्राइव्ह बिघडली की सेठ अजून म्हणतात, "हात सोन्याचा होता चाचाचा, पण माल खोटा लावे."

मी "हो" म्हणतो.