सेक्शन पंधरा नेमका कुठे?

वॉल्टची नोकरी माझ्यामुळे गेली, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

ऐंशीच्या दशकात आमची सर्व्हे कंपनी पूर्व वॉशिंग्टनच्या गव्हाच्या पट्ट्यात एक रस्ता आखत होती. तिथे जमीन ओळखतात चौकोनांनी. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात एकेक मैलाची छत्तीस घरं, ती सेक्शन्स. आमचं काम होतं सेक्शन पंधरात. छापील नकाशा दुसऱ्या टीमने नेलेला. मी हातानेच घरं आखली आणि आपण पाटीवर लिहितो तसे डावीकडून उजवीकडे आकडे भरले. आधीचं सेक्शन आठ असंच शोधलं होतं, बरोबर आलं होतं. मग शंका कशाला?

वॉल्ट आमचा क्रू चीफ, म्हणजे मोजणीच्या टोळीचा मुकादम. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली.

“प्रोफेसर, मला हे सोळा वाटतंय.”

“चेक केलंय मी, वॉल्ट,” मी गाडीत बसूनच म्हणालो.

“बरं बाबा. डिग्री तुझी, मी नुसत्या खुंट्या ठोकणारा.”

त्याने खुंट्या ठोकल्या. कॉन्ट्रॅक्टरने त्या बघून झाडं पाडली. एका म्हाताऱ्या बाईच्या घराला वाऱ्यापासून आडोसा देणारी पॉप्लरची अख्खी रांग गेली. जमीन सोळातली निघाली.

वॉल्टने माझा कागद ओढून पेन्सिल फिरवली. “आकडे उजव्या वरच्या कोपऱ्यातून निघतात. पहिली ओळ डावीकडे, दुसरी परत उजवीकडे, तिसरी पुन्हा डावीकडे. नांगर वळतो तसं.”

आठ दुसऱ्या ओळीत, म्हणून जमलं होतं. पंधरा तिसऱ्या ओळीत, म्हणून मी मैलभर पश्चिमेला घसरलो. लहानपणी मी स्वतः औतामागे चाललोय. तरी डोक्यात शिरायला वेळ लागला.

बॉसने मोजणीची वही उघडून विचारलं, “फील्ड बुकवर सही कुणाची?”

“माझी,” वॉल्ट म्हणाला आणि माझ्याकडे बघत थांबला.

माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीनेच भरला होता. मी कागदाची घडी घालत राहिलो. त्या शुक्रवारी वॉल्टने टेबल रिकामं केलं.

भीती वाटली, हे खरं. पण तेवढंच होतं का, ते मला अजून कळत नाही. त्याने माझं नाव का घेतलं नाही, तेही नाही.

नव्या इंजिनियरांना मी सांगतो, आधी सेक्शन एक शोधा. आणि क्रू चीफला शंका आली तर गाडीतून उतरा.

वॉल्टला माफी आणि त्या बॉसला खरी हकिगत, ही दोन देणी मी लागतो. अजून फेडलेली नाहीत.