ओल्या कापसाचा बोळा

सोल्डरिंगच्या राळेचा वास आला की कळसाडीचं घर आठवतं. तिथे एकदा मला ड्रोनच्या बोर्डावर सेन्सर जोडायचा होता. आधीचे दोन तापून जळाले होते, हा शेवटचा. नुकतेच कापूस वेचून आलेल्या वडिलांनी कमरेच्या ओटीतल्या कापसाचा बोळा पाण्यात बुडवून सेन्सरच्या तारेसारख्या पायाला लावला, म्हणजे आच आत जाणार नाही. "तू कर, मी धरस," म्हणाले. वाफ निघाली, पण त्यांचा हात हलला नाही. "वाचना का रे?" त्यांनी विचारलं. "वाचला," मी बोर्डाकडे बघतच म्हणालो. त्यांच्या बोटावरचा फोड मला दुसऱ्या दिवशी, ते भाकर मोडताना दिसला. आता वडील नाहीत, बोळा चिमट्यात धरतो. चिमट्याला भाजत नाही, तरी काम झालं की रिकाम्या खोलीत मी विचारतो, "भाजलं का?"