ओदिलों ताशरोचा एकमेव रडका सिनेमा

आमच्या सँ-लुबाँ गावात डुकराच्या मटणाचं दुकान एकच, आणि ते ताशरोंचं. दारावर सोनेरी अक्षरांत ‘ताशरो आणि मुलगा’ असं लिहिलेलं होतं. त्यातले ताशरो महायुद्धाच्या आधीच वारले आणि मुलगा लढाई संपल्याबरोबर पॅरिसला पळाला, सिनेमात. दुकान चालवलं ते मादाम ओलँप ताशरो यांनी, ज्यांचा पाटीवर पत्ताच नव्हता. पाटी बदला असं कुणी सुचवलं की त्या म्हणायच्या, “असू दे. येईल परत. सिनेमाने काय पोट भरतं?”

ओदिलोंचं पोट चांगलंच भरलं. पॅरिसमध्ये त्याने आधी दुसऱ्यांच्या खुर्च्या उचलल्या, मग नट्यांच्या कुत्र्यांना फिरवून आणलं, मग दुसऱ्यांचे बिघडलेले सिनेमे निस्तरले, आणि शेवटी एकदाचा स्वतःचा सिनेमा काढला. विनोदी. त्यात एक लठ्ठ पोलीस कालव्यात पडत होता. लोक इतके हसले की निर्माते बेलांफां यांनी लगेच दुसरा काढायला लावला आणि त्यात दोन लठ्ठ पोलीस घातले. तिसऱ्यात बिशप पडला. पुढच्या दहा-बारा वर्षांत ओदिलोंने फ्रान्समधल्या यच्चयावत प्रतिष्ठित माणसांना पाण्यात पाडलं. मोटार आली, टक्कल आलं, एक लग्न झालं आणि मोडलं.

तरी मनात दोन सल होते. पहिला म्हणजे पॅरिसची ती पोरं, जी दिवसभर सिनेमे बघायची आणि रात्री मासिकांत दिग्दर्शकांची सालटी काढायची. त्यांच्यातल्या एकाने ओदिलोंला ‘फ्रेंच सिनेमातला खाटीक’ म्हटलं. कुणीतरी भल्या माणसाने ते कात्रण सँ-लुबाँला पाठवलं. आईने ते दुकानात तराजूच्या वर टाचलं.

“बघ,” ओदिलों सुट्टीला आला तेव्हा ती म्हणाली, “पॅरिसवाल्यांनासुद्धा कळलं. तुलाच तेवढं कळत नाही. सुरी धार लावून ठेवलीय.”

दुसरा सल मोठा होता. आईने त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. चर्चच्या सभागृहात रविवारी खेळ व्हायचा, ओदिलोंचा सिनेमा लागला की आमचं सगळं गाव लोटायचं, आणि मादाम ताशरो दुकानाच्या मागे चरबीच्या हंड्यात पळी फिरवत बसायच्या. “पाण्यात माणसं पडलेली बघायला तिकीट कशाला?” त्या म्हणायच्या. “नदीवर जाऊन उभी राहीन.”

एका ईस्टरला जेवताना ओदिलोंचा तोल सुटला. “आई, अख्खा देश बघतो! तू एक तरी बघ!”

“हसवायला काय लागतं रे? तुझा बाप चपला उलट्या घालायचा, मी हसायचे. कुणी मेलंय, माणसं मनापासून रडतायत, असं काहीतरी काढ. मग येते. टोपी घालून येते.”

झालं. ओदिलोंने पॅरिस गाठलं आणि बेलांफांच्या कचेरीत जाऊन सांगितलं की आता गंभीर सिनेमा.

बेलांफांनी सिगार खाली ठेवला. “कोण पडतं?”

“कुणी नाही. एक म्हातारी विधवा मरते. गाव तिला शेवटचं भेटायला येतं.”

“पाणी कुठे आहे?”

“आहे ना. पवित्र पाणी. मेलेल्या बाईवर शिंपडतात ते.”

“हं. त्यात कुणी घसरतं का?”

“नाही!”

बेलांफांनी सिगार पुन्हा उचलला. शेवटी हो म्हणाले, पण पैसे इतके थोडे दिले की ओदिलोंला आईच्याच माडीवर, आईच्याच खोलीत चित्रण करावं लागलं, आणि नट म्हणून गावकरी, मेहनताना पांढरी वाइन. आणि हा सिनेमा पडला तर मरेपर्यंत पोलीस आणि कालवा, असा शब्द त्यांनी घेतला.

म्हातारीच्या भूमिकेसाठी पॅरिसहून नाटकातली जुनी नटी आली, मादमोआझेल दास्प्रे. तिची समजूत अशी की आपल्याला मरायचंय, म्हणजे निदान पाच मिनिटांचं भाषण तरी असणार. पहिल्याच प्रसंगात आपण आधीच मेलेल्या आहोत हे कळल्यावर ती खवळली. “मी मरते, महाशय. मेलेली पडून राहत नाही!” दुपारच्या गाडीने ती परत गेली.

ओदिलों डोकं धरून जिन्यात बसला. आई कामगारांसाठी पाव आणि मटण घेऊन वर येत होती.

“काय करायचं असतं त्या बाईला?”

“काही नाही. डोळे मिटून पडायचं.”

“आणि जेवण?”

“मिळतं.”

“चाळीस वर्षं दुकानात उभी आहे मी. ‘पड जरा’ असं कुणी म्हटलं नाही अजून.” तिने एप्रन सोडला. “सरक.”

आई रविवारचा काळा झगा घालून पलंगावर आडवी झाली. हातात जपमाळ, उशाशी मेणबत्ती, बाजूला पाण्याचा वाडगा आणि त्यात हिरवी डहाळी. वाडगा पाद्रीबाबांनी दिला, पण पाणी नळाचं भरायला लावलं. खोट्या मरणाला खरं पाणी नाही, म्हणाले.

काम सोपं होतं. एकेकाने यायचं, डहाळीने मयतावर क्रूस काढायचा, बाजूला व्हायचं. पण कॅमेरा बघून आमच्या माणसांची अक्कल गुल झाली. कॅफेवाला लेन्सकडे बघून डोळा मारून गेला. पोस्टमन ग्रोब्वाने पाणी शिंपडलं आणि अगदी आदराने मयतालाच विचारलं, “मादाम ताशरो, दुकान उद्या उघडं आहे ना?”

सगळ्यांत वाईट म्हणजे सिदोनी, समोरच्या बेकरीतली. ओलँप आणि सिदोनी तरुणपणापासून एकमेकींशी ‘बोंजूर’पलीकडे बोलत नव्हत्या. का, ते कुणी विचारत नसे. सिदोनीने अशी डहाळी झाडली की आई नखशिखान्त भिजली.

“कट!” ओदिलों ओरडला. टॉवेल आला. पुन्हा केलं. पुन्हा टॉवेल आला.

डोळे न उघडता आई म्हणाली, “सिदोनीला कुणीतरी सांगा, मी मेलेय. पेटलेली नाही.”

संध्याकाळ होत आली तेव्हा कॅमेरामनने हळूच सांगितलं की फिल्मचा एकच डबा उरलाय. ओदिलों रडकुंडीला आला. “अहो, हे सिनेमाचं वगैरे विसरा! कुणी खरंच गेलं की तुम्ही काय करता? तसं करा!”

आता आमच्याकडे खरंच काय करतात ते ओदिलोंला आठवायला हवं होतं, इथलाच तो. पाणी शिंपडून झालं की मयताच्या कानाशी वाकतात आणि माफी मागतात. राहिलेली भांडणं दफनभूमीपर्यंत कशाला न्यायची? तिथे जे बोललं जातं ते फक्त मेलेल्याने ऐकायचं असतं.

यावेळी कॅफेवाला आला तो मान खाली घालून. शिंपडलं, वाकला, पुटपुटला, आणि बाजूला झाला तेव्हा त्याचा चेहराच वेगळा होता. मग दुसरा. मग तिसरी. ओदिलोंच्या अंगावर काटा आला. हेच, अगदी हेच त्याला हवं होतं! पॅरिसची ती पोरं आता काय लिहितील ते बघूच, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

सिदोनी पुढे झाली. मोजून दोन-तीन थेंब शिंपडले. वाकली. उशीमागे मायक्रोफोन होता आणि ओदिलोंच्या कानाला हेडफोन, त्यामुळे त्याला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

“ओलँप, माफ कर. आरोग्य अधिकाऱ्याचे कान तुझ्या सॉसेजबद्दल भरले, ते मी. तुझ्या नवऱ्याने माझ्याऐवजी तुझ्याशी लग्न केलं ना, म्हणून.”

मयताने एक डोळा उघडला.

“तू?”

“हो. मी.”

“सबंध उन्हाळा दुकान बंद होतं माझं!”

“मग माफी मागतेय ना!”

“आणि मी समजत होते पोस्टमन!” आई ताडकन उठून बसली. “बिचाऱ्याच्या पुड्यात इतकी वर्षं हाडं घालतेय मी!”

“म्हणजे ती हाडं...” रांगेतून ग्रोब्वा म्हणाला.

आईने वाडगा उचलला आणि सिदोनीवर रिकामा केला. सिदोनीने डहाळी उगारली. आरडाओरडा ऐकून पाद्रीबाबा जिना चढून धावत आले, आणि ओल्या फरशीवर पाय ठेवताक्षणी जे घसरले ते थेट पलंगाखाली.

ओदिलोंने ‘कट’ म्हणायला तोंड उघडलं. पण शब्द बाहेर पडेना. कारण आई हसत होती. पलंगाच्या कडेला बसून, निथळत, पोट धरून हसत होती, आणि शेजारी तिच्याच खांद्यावर डोकं टेकून सिदोनी हसत होती. वडील गेल्यापासून त्याने आईला असं हसताना पाहिलंच नव्हतं. तो नुसता बघत उभा राहिला. फिल्म आपली आपण संपली.

त्याने तो प्रसंग जसाच्या तसा ठेवला. पॅरिसमध्ये लोक आधी रुमाल काढून रडले आणि मग त्याच रुमालात तोंड खुपसून हसले. ज्याने खाटीक म्हटलं होतं त्याने लिहिलं की ताशरोंची प्रतिभा आपण फार आधी ओळखली होती. बेलांफां एवढंच म्हणाले, “मी विचारलं होतं, कुणी घसरतं का?”

आणि आई आली. टोपी घालून, चर्चच्या सभागृहात, पहिल्या रांगेत, शेजारी सिदोनी. ओदिलोंने पडद्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता. दिवे लागल्यावर त्याने परीक्षेला बसलेल्या पोरासारखं विचारलं, “कसा वाटला?”

“सिदोनी जाड दिसते,” ती म्हणाली. टोपी सारखी केली. मग म्हणाली, “तो बिशप पडतो तो कधी लावणार?”

त्यानंतर तिने त्याचे सगळे सिनेमे पाहिले, आणि बिशपवाला दोनदा.

काही हिवाळ्यांनी मादाम ताशरो खरोखरच गेल्या. तीच खोली, तोच काळा झगा, तोच वाडगा. पाणी मात्र या वेळी पाद्रीबाबांचं. गाव आलं. प्रत्येकाने शिंपडलं, वाकून कानाशी बोललं, आणि बोलून झाल्यावर प्रत्येक जण क्षणभर तिथेच रेंगाळला. पोस्टमनसुद्धा.

सिदोनी शेवटी आली. दोन-तीन थेंब शिंपडून ती वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “ओलँप, तुझी सॉसेजं खारट असायची. पहिल्यापासून.”

ती थांबली. सगळी खोली ओलँपच्या त्या पापणीकडे बघत राहिली.

“खोटं बोलले गं,” सिदोनी म्हणाली. “ऊठ ना.”

ओदिलों पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, चित्रणाच्या वेळी कॅमेरा होता त्याच जागी. एकेक करून सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. हे थांबवायचं कुणी तर त्याने, असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही वाटत होतं. त्याने तोंड उघडलं. पण ‘कट’ हा शब्द त्याच्याकडून त्या दिवशीही निघाला नाही.