खरं झाड मध्ये येतंय

चार मित्र जमले की "काय गं, तुझ्या गाळ्यात नवीन काय?" असं कुणीतरी विचारतंच. मी किस्से गोळा करायला जात नाही. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा शिल्पांचा गाळा आहे. तिथे कोपऱ्यात भंगार जसं आपोआप साठतं, तसे हेही साठतात. फरक एवढाच, की भंगार बघून माझं डोकं तापत नाही.

यंदाचे सगळे किस्से एकाच कामाचे. आमच्या उपनगराचा वर्धापन महोत्सव होता आणि समितीला मैदानात 'पर्यावरणपूरक शिल्पं' हवी होती. समितीतर्फे बघायला होते साळवीसाहेब. माझ्या बाजूने मी आणि माझे वेल्डर परबभाई. भाई मूळचे मालवणचे, वयाने माझ्या वडिलांएवढे.

*

पहिलं काम आकड्याचं. मैदानाच्या तोंडाशी वर्षांचा आकडा उभा करायचा, माणसाएवढा उंच.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"ते फायनल व्हायचंय," साहेब म्हणाले.

समितीत दोन गट होते. एक गावठाणापासून मोजत होता, दुसरा स्टेशन झालं तेव्हापासून. वाढदिवस ठरला, पाहुणे ठरले, जेवणाचा मेनूसुद्धा ठरला. वय तेवढं ठरेना!

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. "मॅडम, आकडा वेल्ड करू नका. नटबोल्टवर बसवा, म्हणजे बदलता येईल."

भाई हातातला ग्राइंडर खाली ठेवून म्हणाले, "वय नटबोल्टार बसता तर माझापण धा वर्सांनी कमी करून घेऊया, बाय!"

*

मग खेकडा. खाडीतल्या कचऱ्याचा खेकडा करायचा, ही माझी आयडिया. चार रविवार आम्ही गुडघाभर चिखलात उतरलो. चपला, टूथब्रश, बाटल्या, तुटकी खेळणी, सगळं धुऊन वाळवून आणलं. लोकांनी स्वतःची फेकलेली चप्पल ओळखावी, असा माझा विचार होता.

साळवीसाहेब आले. खेकड्याभोवती एक फेरी मारली. नाक मुरडलं.

"कचरा जुना वाटतोय हो."

"साहेब, कचरा जुनाच असतो!"

"पण फोटोत मळकट येणार. नवीन कचरा नाही मिळणार?"

दोन दिवसांनी गाळ्यात कोऱ्या चपलांची आणि सीलबंद बाटल्यांची खोकी आली. प्लास्टिक कमी वापरा असं सांगणाऱ्या खेकड्यासाठी नवं प्लास्टिक! मी संतापाने तिथेच एका खोक्याला लाथ मारली. खेकडा शेवटी चकचकीत झालाच.

*

चिमणीचा किस्सा सांगताना मला आजही राग येतो.

'चिमण्यांनो, परत या' असं शिल्पाचं नाव. मी मोठी तांब्याच्या पत्र्याची चिमणी केली होती. पंखात खोपे ठेवले होते, खऱ्या चिमण्यांनी राहावं म्हणून. चिमणी मैदानात बसवली आणि आठवड्याभरात तिच्यावर खरे पक्षी बसायला लागले. मी खूश! साहेब हैराण.

"मॅडम, घाण करतात. उद्घाटनाआधी वरून काटे लावा. बिल्डिंगच्या खिडक्यांना लावतात ना, तसले."

भाईंनी मास्क काढला. "चिमणेच्या डोक्यार काटे? माका नाय जमाचा."

भाईंनी खरंच लावले नाहीत. साहेबांनी दुसऱ्या माणसाकडून लावून घेतले. आज ती चिमणी काटे घालून उभी आहे आणि खाली पाटी आहे, 'परत या.'

*

पाट्यांचं तर विचारूच नका. प्रत्येक शिल्पाला संगमरवरी पाटी. प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, मार्गदर्शक, संकल्पना, समन्वय. खेकड्याची पाटी खेकड्यापेक्षा रुंद झाली. त्यात आमचं नाव कुठेच नाही.

"जागा संपली हो," साहेब म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईटही वाटलं असावं.

 खेकडा गाळ्यातून हलवायच्या आधी भाई त्याच्या पोटाखाली शिरले आणि वेल्डिंगच्या टाक्यांनी काहीतरी लिहून आले. मी वाकून पाहिलं. माझं नाव होतं आणि खाली त्यांचं. माझा राग तेवढ्यापुरता निवला.

*

आणि आता झाड.

शेवटचं शिल्प होतं 'हरित उपनगर', लोखंडाचं मोठं झाड. मैदानाच्या टोकाला, गावठाणाला लागून, त्याची जागा ठरली. तिथे आधीच एक खरं झाड होतं. भेंडीचं, म्हणजे भाजीतली भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचा तो मोठा वृक्ष. काम चालू असताना आम्ही डबे त्याच्याच सावलीत खायचो.

साळवीसाहेबांनी मोबाइल डोळ्यासमोर धरला, दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "खरं झाड मध्ये येतंय. काढायला लागेल."

खोडावर लाल रंगाची फुली पडली. कापणारे उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच येणार होते.

समोरच्या घरातले आंतोनकाका धावत आले. सत्तरी ओलांडलेला माणूस. "माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी बापाने लावलं हे. तू लोखंडाचं झाड लावणार म्हणून हे मारणार? शरम नाही वाटत तुला?"

मला शरम वाटली. ड्रॉइंग माझंच होतं. मी साहेबांना सांगितलं, माझं झाड नको, हे राहू द्या. ते म्हणाले, "तुम्ही नाही दिलंत तर दुसरा देईल. पाहुणे येतायत, मॅडम."

उद्घाटनाच्या सकाळी मी आमचं झाड गाळ्यातून हलवलंच नाही. भाई आणि मी मैदानात गेलो. काकांनी घरातून शिडी आणली. भेंडीच्या खोडाला आम्ही फुलीसकट अनावरणाचा मखमली पडदा गुंडाळला, दोरी सोडली, शेजारी 'हरित उपनगर' ही संगमरवरी पाटी उभी केली. कापणारे आले. त्यांनी पडदा बघितला, पाटीवरची नावं वाचली आणि करवत परत टेम्पोत ठेवली.

साळवीसाहेब प्रमुख पाहुण्यांसोबतच आले. पाहुण्यांनी खेकड्याला टाळ्या वाजवल्या, काटेवाल्या चिमणीसोबत फोटो काढला. मग ते इथे आले आणि दोरी ओढली. पडदा पडला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

पाहुण्यांनी मान वर केली. बराच वेळ बघत राहिले. एक पिवळं फूल त्यांच्या खांद्यावर पडलं.

"वा! अगदी खरं वाटतं! साळवी, याला कुणी हात लावता कामा नये. कायमचं इथेच राहिलं पाहिजे." मग त्यांनी खोडावर टिचकी मारून पाहिली. "पण पानंसुद्धा हलतायत! मोटर कुठे बसवलीय? आवाज तर येत नाही!"

साळवीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भाईंकडे पाहिलं. शिडी धरून उभ्या असलेल्या आंतोनकाकांकडे पाहिलं.

"जमिनीखाली आहे, सर," ते म्हणाले.