काशीचा उजवा कान

काशीला सवयच वाईट. कुठलीही गोष्ट सरळ म्हणून घ्यायची नाही. एसटी पाच मिनिटं लवकर आली तरी बाई चढता चढता कंडक्टरला विचारणार, आज लवकर कशी? कारखान्यातली माणसं तिच्या या 'का' आणि 'कसं'ला वैतागत, पण तिच्या हातातल्या दांडीला मात्र सगळे मानत.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात ती बावीस वर्षं डबे वाजवते. हो, वाजवते. पल्प भरून बंद केलेले डबे पंधराएक दिवस ठेवायचे आणि मग पट्ट्यावरून तिच्यासमोर सोडायचे. मशीनच्या गोंगाटात ती उजवा कान वाकवून प्रत्येकाच्या झाकणावर लोखंडी दांडीने टक् करते. चांगला डबा खणखणीत वाजतो. ज्यात हवा शिरली तो बद्द वाजतो, ओल्या फळीवर मारावं तसा. तो पुढे फुगणार, नासणार, म्हणून उचलून लाल क्रेटमध्ये टाकायचा. दिवसाला चार-पाच तरी निघतातच.

त्या बुधवारी एकही निघाला नाही. बाराशे डबे, सगळे एका आवाजाचे. दुपारी कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅनेजर संदेशसाहेबांचा मेसेज आला, 'आज नाकारलेले डबे शून्य. काशीमावशींचं अभिनंदन.' खाली टाळ्यांची रांग लागली. साहेब मूळचे चिपळूणचे, वय बत्तीस, उत्साह भारी. त्यांनी लगेच येऊन दांडीसकट तिचा फोटो काढला, गेटवर बोर्ड लावणार म्हणाले. ते शून्य त्यांनी मुंबईच्या ऑफिसला कळवूनही टाकला.

दुसरी कोणी असती तर जेवणाचा डबा उघडून सुखाने जेवली असती. काशी मात्र भाकरी पुढ्यात ठेवून विचार करत बसली. बावीस वर्षांत शून्य कधी आलं नव्हतं, मग आजच कसं आलं? यंत्र तेच, डबे त्याच गाडीतून आलेले, आंबाही तोच. वेगळं काय होतं?

वेगळी ती स्वतः होती. सोमवार-मंगळवार ती तापाने घरी पडली होती. सर्दी अशी जबर की कानांना दडे बसलेले. हे सुचलं तशी ती भाजी-भाकरी तशीच ठेवून उठली आणि लाल क्रेटपाशी गेली. त्यात शरीफाने काल काढलेले तीन डबे होते. शरीफा मिरकरवाड्याची, एरवी खोक्यात डबे भरते आणि काशी रजेवर असली की दांडी धरते. काशीने त्यातला एक डबा नेहमीसारखा उजव्या कानाशी धरून वाजवला. मग शेजारचा चांगला डबा वाजवला. दोन्ही सारखेच. तिने मान फिरवली आणि डाव्या कानाशी वाजवून बघितले. एक खणखणीत, एक बद्द.

तेवढ्यावर न थांबता बाईने तेच पुन्हा चार वेळा करून पाहिलं, कारण उजव्या कानाला नक्की किती ऐकू येतं हे तिला त्यातही जाणून घ्यायचं होतं. काहीच येत नव्हतं म्हटलं तरी चालेल.

चार वाजता त्या बाराशे डब्यांचा कंटेनर निघणार होता.

साहेब दर मीटिंगला सांगत, चूक झाली तर लगेच बोला, कोणी ओरडणार नाही. ओरडत नसत हे खरं. पण मागच्या महिन्यात विनोदने लेबलं उलटी लागल्याचं आपणहून सांगितलं आणि आठवड्याने तो मशीनवरून लोडिंगच्या हमालीला गेला. कोणी काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून कोणी काही सांगितलंही नाही. काशीची तर सगळी किंमत कानाची. तोच गेला म्हटल्यावर तिला कोण ठेवणार? तीन वर्षं राहिली होती रिटायर व्हायला.

ती केबिनमध्ये गेली आणि घडाघडा सांगून मोकळी झाली.

संदेशसाहेबांनी उठून केबिनचं दार लावलं. मग हळूच म्हणाले, "मावशी, गाडी थांबवतो. डबे शरीफाकडून परत वाजवून घेऊ. फक्त कारण सांगायला नको. सहज फेरतपासणी केली म्हणू. तुमचीही अब्रू राहील."

"माझी की तुमच्या शून्याची?" काशीने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

साहेब ओशाळले. "दोन्हींची," म्हणाले.

"मग असं बघा साहेब. कारण नाय सांगितलं तर उद्या सकाळी मी परत त्याच खुर्चीत बसणार. मी नाय बसत म्हटलं तर लोक विचारणार, का म्हणून. मी काय सांगू?"

तिने तिथेच ग्रुपवर बोलून मेसेज टाकला, "मी काशी. आजचे डबे मी नीट ऐकले नाहीत. माझा उजवा कान गेलाय. सगळे परत वाजवायचे आहेत, खोकी फोडायला या." चाळीस जणांनी ऐकला. टाळी एकाचीही नाही. पण पाच मिनिटांत विनोद कटर घेऊन पहिला हजर झाला.

शरीफा खुर्चीत बसली, काशी तिच्या उजवीकडे, डावा कान पुढे करून. संध्याकाळपर्यंत सात डबे निघाले. सातव्याला शरीफाने दांडी खाली ठेवली आणि काशीचा हात धरला. काशी तेव्हा रडली, चांगली पदर भिजेपर्यंत.

साहेब मुंबईला पाठवायचा नवा रिपोर्ट भरायला आले. नाकारलेले डबे, सात. पुढच्या, फेरतपासणीच्या रकान्यात त्यांचं पेन थांबलं. "कारण काय लिहू, मावशी?"

"लिहा की, तपासणाऱ्या बाईचा कान."

त्यांनी तसंच लिहिलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या माझ्या गाडीतून कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. आणि मावशी, कान सुधारो न सुधारो, शरीफाला तुमच्याइतकं नीट कोण शिकवणार?"

काशीने डोळे पुसले आणि विचारलं, "साहेब, हे तुम्ही केबिनमध्येच ठरवलं होतं, की मी ग्रुपवर बोलल्यावर?"

"बोलल्यावर," साहेब म्हणाले.

"खरं बोललात," काशी म्हणाली, आणि दांडी शरीफाच्या हातात दिली.