पुष्पक, रत्नागिरी आणि गच्चीवरच्या मिरच्या

माझ्या विमान उडवण्याविरुद्ध आईने कधी एक शब्द काढला नाही. ती फक्त जेवायची नाही.

रविवारी मी नेरुळहून जुहूला फ्लाइंग क्लबात जायचे आणि मी घरी परत येईपर्यंत आई ताटावर बसायची नाही. "घास उतरत नाही गं, त्याला मी काय करू," एवढंच म्हणायची. रागावणाऱ्या माणसाशी मला उत्तम भांडता येतं, पण आई रागावतच नव्हती. त्यात तिला मधुमेह. गोळी घ्यायची आणि उपाशी राहायचं. एका एप्रिलमध्ये ती स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. त्या वेळी मी अलिबागच्या समुद्रावर दोन हजार फुटांवर मजेत होते.

मग मी ठरवलं की एकदा रत्नागिरीला जाऊन यायचं आणि त्यानंतर विमान बंद. आईला तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "शेवटचंच असेल तर येताना घरावरून जाता येईल?"

इतक्या वर्षांत विमानाबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"जाता येईल. पण इथल्या सगळ्या इमारती एकसारख्या. वरून आपली कशी ओळखू?"

"मी गच्चीवर मिरच्या वाळत घालते. लाल दिसेल."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. तुम्ही हे वाचून अशा सहलीचा बेत आखणार असाल तर आधीच सांगते, आता तशी जमणार नाही. तेव्हा क्लबांना सरकारी अनुदान असायचं, म्हणून ऑफिसात नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला विमानाचं तासाचं भाडं झेपायचं. साड्या कमी घ्यायच्या, रिक्षा टाळायची, आणि महिन्यातून दोनदा आकाश.

आमचं विमान म्हणजे पुष्पक. दोन माणसांचं, कापडी पंखांचं, शेपटीखाली पिटुकलं चाक असलेलं. क्लबच्या कॅन्टीनमध्ये दर रविवारी पायलट लोक त्यावरून वाद घालायचे. शेपटीला चाक असलेलं विमान चांगलं की नाकाखाली चाक असलेलं, हा विषय मी तिथे गेल्यापासून चालू होता आणि मी क्लब सोडला तेव्हाही संपलेला नव्हता.

"पुष्पक म्हणजे पतंग आहे. वारा नेईल तिकडे जायचं," एक कापड व्यापारी म्हणायचे.

"म्हणून तर उडवायला शिकतो माणूस," आमचे डॉक्टर सबनीस त्यांना म्हणायचे. "नाकाखाली चाक असलं की कुणीही उतरतं. तुम्हीसुद्धा."

सबनीस गिरगावातले दातांचे डॉक्टर. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. रत्नागिरीला माझ्याबरोबर तेच येणार होते, कारण लांबच्या पल्ल्याला शेजारी कुणी असावं असा क्लबचा आग्रह होता. पुरुष एकटे गेले तर हा आग्रह कुठे जायचा, हे मी तेव्हाही विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

आदल्या संध्याकाळी मी पार्ल्याला मावसबहिणीकडे मुक्कामाला गेले, कारण नेरुळहून पहाटे जुहूला पोहोचवेल असं वाहन तेव्हा नव्हतं. उपयोगाची एक सूचना: सकाळी चहा अर्धाच कप घ्या. पुष्पकात बाथरूम नाही, आणि समुद्रावर थांबाही नाही.

मेकॅनिकने पंखा हाताने फिरवला. दुसऱ्या फेरीला इंजिन धरलं. मनोऱ्यावरून हिरवा दिवा दिसला आणि आम्ही समुद्राच्या दिशेने उठलो. शाळेतल्या सिस्टर्सनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, पाठ ताठ ठेवणं आणि चुकणाऱ्याला तोंडावर चूक म्हणणं. पहिली विमानात फार उपयोगी पडली. दुसरी जमिनीवर फार नडली.

शहराला समुद्राकडून वळसा घातला, मांडवा मागे पडलं आणि मग किनारा धरून सरळ दक्षिण. रस्त्याने जाणाऱ्यांना एस्टीत रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. आम्हाला डाव्या हाताला कोकण उलगडत गेलं. ओहोटीत चालत जाता येईल असा अलिबागचा किल्ला, पाण्यात बसलेला जंजिरा, खाड्यांची तोंडं, त्यांत मातकट आणि निळं पाणी एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहणारं. पुष्पकात बोलायचं म्हणजे ओरडायचं. तरी डॉक्टर बोलत होते.

"पहिल्यांदा एकटी उडलीस ते आठवतं?"

"शेजारची रिकामी खुर्ची आठवते."

"हां. सगळ्यांना तीच आठवते. इन्स्ट्रक्टर उतरला की विमान हलकं होतं, टुणकन उडी मारतं. मी घाबरून आरती म्हणायला लागलो. उतरलो तेव्हा निम्मी आरती राहिली होती. पाप नको म्हणून हँगरमध्ये उभं राहून पुरी केली."

मी हसले. मग त्यांना सांगितलं की ही माझी शेवटची फेरी. आईचं जेवणाचं, भोवळ येऊन पडण्याचं, सगळं सांगितलं. क्लबात कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं ते समजावतील, पुरुषांना समजवायची हौस असते.

"सोड. आईपेक्षा मोठं काही नाही," ते म्हणाले. "विमान सोडता येतं. मी एकदा दोन वर्षं सोडलं होतं. फक्त वर आवाज आला की मान वर जायची, पेशंटचं तोंड उघडं ठेवून. तेवढं सुटलं नाही."

रत्नागिरीची धावपट्टी पठारावर आहे. वारा आडवा होता. मी उतरवलं ते क्लबच्या भाषेत 'दोन उड्यांत' उतरवलं, म्हणजे चाकं टेकली, परत उचलली, परत टेकली. डॉक्टर काही बोलले नाहीत. विमानाला नावं ठेवायची तर जमिनीवर ठेवावीत, वर असताना गोडच बोलावं, असं त्यांचं मत होतं. पायलटबाबत तर ते जमिनीवरही गोड असायचे.

तिथे व्यवस्था बघणारे एक गृहस्थ सायकलवरून आले. त्यांनी मला ओलांडून डॉक्टरांना विचारलं, "पायलटसाहेब, प्रवास कसा झाला?"

"पायलट ह्या," डॉक्टर म्हणाले. "मी वजन म्हणून आलोय."

गृहस्थांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग विमानावरचं नाव पाहिलं. "पुष्पक काय? मग रावण कोण नि सीता कोण?"

"रावण मी," मी म्हणाले. "सीतेला मागे ठेवलं, वजन जास्त होत होतं."

त्यांना हसू आवरेना. त्यानंतर मात्र त्यांनी सगळं मला विचारलं. डब्यांतलं पेट्रोल चामड्याच्या फडक्यातून गाळून टाकीत भरायला मदत केली आणि घरून आंबोळ्या, नारळाची चटणी मागवली. रत्नागिरीत काय खावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: विमानाच्या पंखाच्या सावलीत बसून आंबोळ्या. हापूसची पेटीही ते द्यायला निघाले होते. डॉक्टरांनी पेटी उचलून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पेटी न्यायची तर मी एस्टीने येतो." शेवटी डझनभर आंबे रुमालात बांधून घेतले, आणि आईसाठी आमसुलं, कारण आंबा तिला बंद होता.

परतताना ऊन चढलं होतं. मे महिन्यात जमीन तापली की हवा खालून धक्के देते, म्हणून जेवढं लवकर निघाल तेवढं बरं. आम्हाला उशीरच झाला होता. उरण दिसलं तेव्हा हात घामाने निसटत होते आणि डोक्यात एकच विचार: आई सकाळपासून उपाशी असेल.

उरणवरून मी उजवीकडे, खाडीच्या पूर्वेला वळले. पश्चिमेला ट्रॉम्बे, तो भाग विमानांना बंद, नकाशावर लाल रेघांनी आखलेला. आता पूर्वेला काय दिसलं ते मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आमच्या सोसायटीच्या समारंभात दर वर्षी कुणीतरी माईक हातात घेऊन सांगतं की आपण आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं. त्या वक्त्यांना एकदा हजार फुटांवर न्यायला हवं होतं. उलव्याच्या बाजूला भातखाचरं होती, उन्हाने तडकलेली. मिठागरं होती, आरशाचे चौकोन मांडून ठेवल्यासारखी, आपल्या विमानाची सावली एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना दिसायची. नेरुळला लागून असलेल्या सारसोळे कोळीवाड्याच्या जेट्टीला होड्या होत्या, दोऱ्यांवर मासळी वाळत होती. बेलापूरला मात्र ऑफिसांच्या इमारती बांबूच्या परांच्यांत अडकून अर्धवट उभ्या होत्या. काहीच नव्हतं म्हणे. आपण नव्हतो, एवढंच.

मग नेरुळ आलं. मी लाल गच्ची शोधायला लागले.

पहिली दिसली. "ती बघा," मी ओरडले.

"कुठली?" डॉक्टर म्हणाले. "ती, का ती?"

शेजारची गच्चीही लाल होती. तिच्या पलीकडचीही. सारसोळ्यातली अंगणंसुद्धा लाल. मे महिना, पाऊस तोंडावर, वर्षाचा मसाला करायचे दिवस. घाटावरची असो, कोकणातली असो, गावातली असो, नेरुळमधल्या प्रत्येक बाईने त्या दिवशी मिरच्या वाळत घातल्या होत्या. ही गोष्ट आईच्या लक्षात आली नाही आणि माझ्याही नाही. आम्हा मायलेकींना वाटलं होतं, मसाला आपल्याच घरी होतो.

गच्च्यांवर माणसं होती, वरून टाचणीच्या डोक्याएवढी. त्यांतली आई कुठली ते कळायला मार्ग नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि विमान चालवताना ते अगदी चुकीचं असतं.

"आता काय करू?"

"पंख हलव," डॉक्टर म्हणाले.

पायलटचा नमस्कार तसाच असतो. डावा पंख खाली, उजवा पंख खाली, पुन्हा डावा. ओळखीच्या घरावरून जाताना करतात.

"कुणाला?"

"सगळ्यांना. त्यांत आई येईलच."

मी प्रत्येक लाल गच्चीवरून गेले आणि प्रत्येकीला नमस्कार केला. सारसोळ्यालाही केला. खाली हात हलताना दिसले. एका गच्चीवर कुणीतरी साडीचा पदर वर धरला होता, एकीवर सूप हलत होतं. मग पेट्रोलच्या काट्याकडे बघून डॉक्टर खाकरले आणि आम्ही आल्या वाटेने समुद्रावर निघालो.

जुहूहून नेरुळला परतायला बसने मला जवळजवळ तेवढाच वेळ लागला, जेवढ्यात मी रत्नागिरीहून आले होते. शीवला बस भरून गेली, पुढच्या बससाठी उभी राहिले, वाशीच्या पुलावर ट्रक बंद पडलेला. सगळा वेळ मनात हिशेब एकच, गोळी सकाळी घेतली असेल, आता चक्कर येत असेल.

इमारतीच्या दारात हिराबाय भेटली. सारसोळ्याची. आमच्या जिन्यावर मासळीची पाटी घेऊन यायची आणि आईशी तास तास बोलायची.

"तुजाच इमान ना ग त्या?" ती म्हणाली. "आमच्या दारावर येऊन हललं. मी सूप केला वर, तं परत हललं. मी सगल्यांना सांगितलाय, वलखीची पोर हाय."

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, विमान नेमकं आपल्याच गच्चीवर हललं. समोरच्या इमारतीतल्या काकू खिडकीतून म्हणाल्या, छे, आमच्या. मी कुणाला काही न सांगता जिना चढले.

आई पाटावर बसून मिरच्यांची देठं काढत होती. चेहरा उन्हाने लाल झाला होता. म्हणजे ती गच्चीवर बराच वेळ होती.

"दिसले मी?" मी विचारलं.

"मान दुखली बघून बघून. गावभर नमस्कार करत फिरत होतीस."

"सगळीकडे मिरच्या होत्या, आई. मला आपली गच्ची ओळखता आली नाही."

"ते कळलं मला. समोरच्या गच्चीवर बघितलं नि म्हटलं, झाली फजिती." ती देठं काढत राहिली. "पण हललीस ना आपल्यावरही. छान हललीस. मला वाटलं होतं विमान डगमगतं. तू तर सुपासारखं धरलं होतंस."

मी आमसुलांची पुडी तिच्यापुढे ठेवली. "चल, आधी जेवून घे."

"तू घे. झाकून ठेवलंय."

"आणि तू?"

"मी जेवले."

मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. माझं तिच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणं तिला मान्य असावं, तिने अडवलं नाही. मोरीत तिचं ताट होतं, उष्टं. कडेला आमटीचा ओघळ.

मी तिथेच उभी होते. बाहेरून ती म्हणाली, "वर होतीस तोवरच खाली येऊन जेवायला बसले. आवाज येत होता तुझा. भूक लागली होती." मग म्हणाली, "पुढच्या वेळी मिरच्या नकोत. मी ती पिवळी सतरंजी टाकते. पिवळी कुणाकडे नाही, मी बघून ठेवलंय."

मी पुढे बरीच वर्षं उडत राहिले. सतरंजी टाकली जायची, उन्हाने ती पार पांढरी पडली. आता आई नाही, डॉक्टर नाहीत, आणि माझ्या डोळ्यांनी मला लायसन्स केव्हाच परत द्यायला लावलं. मसाला पाकिटात मिळतो, चव असते लाकडाच्या भुशाची. मिठागरांच्या जागी उलव्याचे टॉवर आहेत आणि तिकडे विमानतळ. सोसायटीत त्यावर बोलणं निघालं की ते फ्लॅटच्या भावावर येऊन थांबतं.

मोठी विमानं कुणाला पंख हलवत नाहीत. हलवूही नयेत, आत एवढी माणसं बसलेली असतात. पण आवाज आला की माझी मान वर जाते. दुपारी मी गच्चीवर जाते तेव्हा शेजारीण विचारते, एवढ्या उन्हात काय बघता. तिला काय सांगणार. मी मात्र आधी जेवून घेते, मगच वर जाते.